जांभळा दोरा

मार्च आला की आमच्या इमारतीत उदबत्त्या जास्त जळतात. एरवी देवाकडे ढुंकूनही न बघणारी पोरं हॉल तिकीट देव्हाऱ्यापुढे ठेवतात आणि त्यांच्या आया हातावर दही घालून त्यांना फाटकापर्यंत सोडायला जातात. समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी यंदा बारावीला आहे. आज तिचा फिजिक्सचा पेपर. मायलेकी खाली गेल्या, दार उघडंच राहिलं, आणि मी माझ्या खुर्चीतून त्यांच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती बघत बसले. धूर चार बोटं अगदी सरळ वर गेला. मग जरासा डुलला, आणि मोडला. त्याच्या कड्या झाल्या, कड्यांचा गुंता झाला, आणि त्याच्यावर धूर कुठला आणि हवा कुठली हे कळेनासं झालं.

चार बोटं मी मोजली. ही मोजायची सवय माझी नव्हे, सुशीलाची. धूर किती बोटं सरळ गेला हे ती डोळा बारीक करून, हात लांब धरून मोजायची. मी ती सवय तिच्याकडून उचलली, न विचारता. तिच्याकडचं खूप काही मला हवं होतं. मिळालं ते एवढंच.

मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. माझा विषय वाहत्या गोष्टींचा, म्हणजे पाणी, हवा, तेल. सरळ चाललेला प्रवाह कधी आणि का बिघडतो, याचा. घरचा नळ थोडासा उघडा, धार काचेसारखी पडते. अजून उघडा, तीच धार खरखरीत होते, फुटते. मधे काय झालं? समीकरणं आहेत, शंभराहून जास्त वर्षांची जुनी आहेत, आणि भल्याभल्यांनी त्यांच्यापुढे हात टेकलेत. पोरं विचारायची, "मॅडम, म्हणजे याचं उत्तरच नाही?" मी म्हणायची, पुरतं नाही. पण एक गोष्ट मात्र मला फार लवकर कळली होती, विशीत, आणि ती ज्या दिवशी सांगायला हवी होती त्या दिवशी मी तोंड मिटून बसले. आता ऐंशी पार झाली, मेलं सांगून टाकते.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. मुंबई कुणाची, यावरून शहर पेटलं होतं. गोळीबार होऊन गेले होते, माणसं गेली होती, आणि तरी सभा थांबत नव्हत्या. आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात. वर्गात मुली दोनच. मी कुंदा, गिरगावातली, तीन पिढ्या कचेरीत लेखणी झिजवलेल्या घरातली. आणि सुशीला, परळच्या भोईवाड्यातली, वडील गिरणीच्या रंगखात्यात. दोघीच म्हणून प्रयोगशाळेत आमची जोडी लागली. कुणी आम्हाला विचारलं नाही.

मी कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहायची आणि रोज उशिरा पोचायची. ती परळहून यायची आणि माझ्याआधी टेबल पुसून बसलेली असायची. एकदा तिचा आवाज पार बसला होता. विचारलं तर घशाला हात लावून हसली. आदल्या संध्याकाळी मोर्च्यात ओरडून बसला होता. माझे अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे आमच्या घरी 'झालाच पाहिजे' हे खिडकी लावून म्हणायचं. त्याच खिडकीच्या फटीतून मी मोर्चे बघायची. रस्ता रुंद असे तोवर माणसं रांगेत असायची, आणि कोपऱ्यावर रस्ता आवळला की तिथे भोवरा व्हायचा, घोषणासुद्धा एकमेकींत अडकायच्या. मला त्या भोवऱ्यात उतरायचं होतं. तिच्या त्या बसलेल्या घशाचासुद्धा मला हेवा वाटला. दोन दिवस मी घरात कुजबुजत बोलून पाहिलं.

आमच्या घरी हेवा हा शब्द कुणी उच्चारायचं नाही. आई म्हणायची, "आपल्याला काय कमी आहे?" कमी काहीच नव्हतं. म्हणून तर मला तो जास्त बोचायचा. सुशीला एकदा घरी आली तेव्हा आईने तिला काचेच्या पेल्यातून पाणी दिलं. तो पेला आमच्या मांडणीतला नव्हता, माळ्यावरून काढला होता. मी ते पाहिलं. सुशीलानेही पाहिलं, पाणी प्यायली आणि पेला स्वतःच विसळून मोरीशी उपडा ठेवला. हेवा बरोबरीच्या माणसाचा वाटतो म्हणतात. मग आईच्या त्या पेल्याचं आणि माझ्या पोटदुखीचं कसं जमवायचं, ते मला आजवर जमलेलं नाही.

प्रयोग असा होता. काचेची मोठी टाकी, तिच्यात आडवी बसवलेली लांब काचेची नळी, नळीच्या शेवटी नळ. नळीच्या तोंडाशी एक बारीक टोक, त्यातून जांभळं पाणी सोडायचं. नळ थोडा उघडला की नळीतून पाणी सावकाश जातं आणि त्या पाण्याच्या मधोमध जांभळा दोरा ताणून धरल्यासारखा दिसतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नळ उघडत जायचा. एका क्षणी दोरा थरथरतो, आणि पुढच्या क्षणी सगळी नळी जांभळी. तो क्षण पकडायचा, तेव्हाचं पाणी मापात धरून वेग काढायचा. पुस्तकात आकडा दिलेला होता. सगळ्या वर्गाचा त्याच्या आसपास यायचा.

एकीने नळावर बसायचं, दुसरीने दोऱ्यावर नजर ठेवायची. जर्नलच्या पानाखाली दोन्ही नावं लिहायची, नळावर कोण, दोऱ्यावर कोण. एकट्याने घेतलेलं रीडिंग आमचे सर धरत नसत. एकट्या माणसाला हवं ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. दोऱ्यावर नेहमी सुशीला, कारण तिला तो मोडायच्या आधी कळायचा. "आता," ती हळूच म्हणायची, आणि एका श्वासाने खरंच मोडायचा. मी नळावरून मान वळवेपर्यंत समोर नुसता जांभळा ढग. एकदा हट्टाने मी दोऱ्यावर बसले. टक लावून डोळ्यांना पाणी आलं, पण मोडला तेव्हाच मोडलेला दिसला. तिला काय दिसायचं ते तिला सांगताही येत नव्हतं. "अगं, दिसतं ना ते," एवढंच म्हणायची. मला वाटायचं, ही मुद्दाम लपवते.

ती लपवत नव्हती. भोईवाड्यात तिच्या घरी गेले तेव्हा कळलं. त्यांच्या खोलीत तेव्हा नुकतंच बरंच काही बदललं होतं. देवांच्या जागी बुद्धाची तसबीर आली होती. उदबत्ती मात्र होती, आणि सुशीलाचे वडील तिच्याखाली बसून चहा पीत होते. त्यांची नखं निळी होती, धुऊन न जाणारी. मी प्रयोगाचं सांगितलं तर त्यांनी मला विचारलं, "पाणी कधी भरता?"

"सकाळी. प्रयोगाच्या आधी."

त्यांनी मान हलवली. "पाणी ओतलं ना पोरी, की त्याला विसरू द्यावं लागतं. बादलीतून पडलं, हिंदकळलं, ते सगळं त्याच्या आत फिरत असतं. वरून गप दिसतं. आमच्याकडे रात्रपाळी हौद भरते आणि सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. लावला तर रंगाला ढग येतात."

सुशीला हसत होती. हे सगळं तिने लहानपणापासून ऐकलेलं. मला माझ्या अण्णांनी काय शिकवलं होतं? फायलीला लाल फीत कशी बांधायची. परतताना ट्रामच्या बाकावर बसून मी त्या माणसाच्या निळ्या नखांवर जळत होते.

आता यात काय अडकलं होतं ते सांगते. सरांना जूनपासून संशोधनाला, महिन्याच्या विद्यावेतनावर, एक विद्यार्थी घ्यायचा होता. एकच. तो या प्रयोगावरून घेणार, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मला ती जागा मिळाली नसती तर मी नुसती एम.एस्सी. केली असती, लग्न केलं असतं, काही बिघडलं नसतं. सुशीलाला मिळाली नसती तर तिचं शिक्षण तिथेच संपणार होतं. घरातली ती पहिली शिकलेली, आणि मागे चार भावंडं रांगेत. हे मला पक्कं ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं, जिन्यात, खारे दाणे खाता खाता.

आम्ही आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेवली. रंगाचं पाणीही तिने त्याच टाकीतलं घेतलं, मलमलीतून दोनदा गाळलं. दुसऱ्या दिवशी हरताळ पुकारला होता. "तू येशील ना? तुला तर जवळच आहे," तिने विचारलं. मी हो म्हटलं. सकाळी अण्णा म्हणाले, बाहेर पडायचं नाही. मी वाद घातला नाही. खरं तर मला बरंच वाटलं. घरी कोलंबीचं कालवण होतं.

दुपारी हात धुवायला मोरीत गेले आणि थांबले. आमच्या मोरीत पाण्याचा तांब्याचा हंडा असायचा. घर रस्त्याला लागून, त्यामुळे खालून ट्राम गेली की हंड्यातल्या पाण्यावर बारीक कडी उमटायची. इतकी रोजची गोष्ट की कुणाचं लक्ष जात नसे. त्या दिवशी पाणी मुळीच हलत नव्हतं. त्यात माझं तोंड स्पष्ट दिसत होतं. मी केस सारखे केले आणि झोपायला गेले.

त्याच वेळी सुशीला परळहून चालत कॉलेजात आली होती. शिपाईदादाने तिला दार उघडून दिलं आणि तो निघून गेला. तिने एकटीने नळ उघडला, धावत जाऊन दोरा पाहिला, परत धावत येऊन मापात पाणी धरलं. दोरा मोडेना. पुस्तकातला आकडा मागे पडला, त्याची दुप्पट मागे पडली. चौपटीच्या वर गेला तेव्हा कुठे मोडला. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना ती माझा दंड घट्ट धरून होती. "कुंदा, तो हललासुद्धा नाही गं. मी पळत होते आणि तो तिथे स्वस्थ." असं सुख मी कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "छानच की." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

सरांनी जर्नल उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"सुशीला, हा आकडा चौपट आहे."

"हो सर."

"फार काळजी घेतली तर दोरा लांब टिकतो, हे मी वाचलंय. पण इथे, या टेबलावर, या रस्त्याला लागून?" त्यांनी पानाखालची नावं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "कुंदा, नळावर तू होतीस?"

मी पान पाहिलं. दोऱ्यावर सुशीला, नळावर कुंदा. तिच्या अक्षरात. मी आले नाही हे झाकायला तिने माझं नाव घातलं होतं.

आणि तेवढ्यात खालून ट्राम गेली. टाकीच्या पाण्यावर बारीक कडी उमटली. मला मोरीतला हंडा दिसला, त्यातलं माझं तोंड दिसलं, आणि सगळं एकदम जुळलं. पाणी विसरतं ते खरंच, पण या रस्त्यावर ट्राम त्याला दर पाच मिनिटांनी आठवण करून देते. काल ट्राम बंद होत्या. म्हणून दोरा टिकला. आयुष्यात मी स्वतः लावलेला हा एकमेव शोध, आणि तो लावायला मला चार सेकंद लागले असतील. सुशीलाला ते माहीत नव्हतं. ती वडिलांच्या विसरण्यावरच खूश होती. त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "मी काल घरी होते."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. इतकं खरं मी पुन्हा कधी बोलले नाही, आणि इतकं वाईटही.

सरांचा आवाज चढला नाही. "मग हे नाव?"

"ती येणार होती सर," सुशीला टाकीकडे बघत म्हणाली. "तिची गैरहजेरी लागू नये म्हणून."

"नाव खोटं असेल तर आकडा खरा कसा धरू मी? पुन्हा लावून दाखव."

तिने तीन दिवस लावून दाखवला. संध्याकाळी टाकी भरायची, रात्रभर पाण्याला विसरू द्यायची, सकाळी हलक्या हाताने नळ उघडायची. मी नळावर असायची. दोऱ्यावर ती. खालून ट्राम जायच्या, आणि दोरा पुस्तकातल्या आकड्याला इमानाने मोडायचा. तिसऱ्या दिवशी ती "आता" म्हणालीच नाही. जिन्यात तिनेच माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू तरी काय करणार होतीस? नव्हतीसच ना तू तिथे."

जागा मला मिळाली. सुशीला वडाळ्याच्या एका शाळेत शिकवायला लागली.

पुढे मी शिकले ते असं, की गोल नळीतला सरळ प्रवाह आपणहून कधी मोडत नाही. गणित तरी असंच सांगतं. त्याला कुणीतरी धक्का द्यावा लागतो, आणि वेग वाढला की अगदी एवढासा धक्का पुरतो. दार आपटलं, कुणी टेबलाला टेकलं, झालं. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायची आणि वर्गाकडे पाठ करून थोडा वेळ उभी राहायची. पोरांना वाटायचं मॅडम पुढचं आठवताहेत.

तोच प्रयोग, तीच टाकी, तीस वर्षं. ट्रामचे रूळ उखडले, त्यांच्या जागी बसगाड्या आणि ट्रक आले, दोरा मोडायचा तिथेच मोडत राहिला. जागा माझी, खुर्ची माझी, किल्ली माझी. पण तो दोरा तिने पाहिला होता आणि मी नाही. नवरा म्हणायचा, "तुला कसली गं एवढी खंत?" त्याला वाटायचं पश्चात्ताप आहे. पश्चात्तापही होता, पण त्याच्या खाली जे होतं ते निव्वळ जळणं होतं, विशीतलं, तसंच ताजं.

पंचवीसेक वर्षांनी एकदा मार्चमध्येच बंद पुकारला गेला. आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि स्वतः टाकी भरली. रंग मलमलीतून दोनदा गाळला. सकाळी रिकाम्या रस्त्यावरून चालत गेले, दहा मिनिटांत पोचले. इतकं सोपं होतं ते, त्या दिवशीही. नळ उघडला, दोऱ्याशी गेले, परत नळाशी. या वयात धावणं कसलं, पण धावले. पुस्तकातला आकडा गेला. दुप्पट गेली. दोरा त्या काचेत ताणलेला, आणि त्याच्या चहूकडून पाणी वेगाने चाललंय हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. मला रडू आलं, आणि मग मी रडण्याचा धक्का लागेल म्हणून मागे सरले. साडेतीनपटीला तो थरथरला. मला तो मोडायच्या आधी कळला. "आता," मी मोठ्याने म्हटलं.

कागदावर आकडा लिहिला. खाली, नळावर कुंदा. दोऱ्यावर सुशीला.

पुढच्या रविवारी तो कागद घेऊन मी वडाळ्याला तिच्या घरी गेले. ती तोवर मुख्याध्यापिका झाली होती, केस पांढरे, चष्मा जाड. टेबलावर वार्षिक परीक्षेचे पेपर, आणि ते उडू नयेत म्हणून पंखा बंद. "अगं बाई, तू?" म्हणून तिने खुर्चीवरचे गठ्ठे उचलले. मी बसले आणि सरळ बोलूनच टाकलं.

"त्या दिवशी ट्राम बंद होत्या, सुशीला. म्हणून टिकला तो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ट्राम कायमच्या बंद झाल्या तेव्हा एकदम लक्षात आलं. बसमध्ये होते. एकटीच हसत सुटले, लोक बघायला लागले." मग तिने चष्म्यावरून पाहिलं. "तुला कधी कळलं?"

परवा, म्हटलं असतं तर तिने मानलं असतं.

"सरांनी मला विचारलं तेव्हा. उत्तर द्यायच्या आधी."

माझ्या हातातला कागद तिने घेतला, टेबलावर ठेवून तळव्याने सपाट केला, आणि मुलांचा पेपर तपासावा तसा वरून खाली वाचला.

"साडेतीनपट," ती म्हणाली. "माझी चौपटीच्या वर होती."

"हो."

माफी मागायला गेले होते. ओठांवर होती. पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच, की हिची जास्त का?

मग तिची नजर खालच्या नावांवर गेली. तिने तपासायचं लाल पेन उचललं आणि स्वतःच्या नावावर एक सरळ रेघ मारली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर.

"मी नव्हते तिथे, कुंदा," ती म्हणाली, आणि कागद माझ्याकडे सरकवून चहा ठेवायला आत गेली.

मी बसून राहिले. समोर बुद्धाच्या तसबिरीपुढे उदबत्ती जळत होती. धूर चांगला वीतभर सरळ वर चढत होता. मी हात लांब धरून मोजला. आमच्या घरी तो कधी चार बोटांच्या वर गेलेला नाही.